सात नंबरची रेघ

१

गॅस तपासनीस गॅसने मेला, आणि त्याच्या अंगावर गॅसचा मीटर नव्हता.

अहवालाचं सार एवढंच होतं. दीड पान. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘मृत कामगार मीटर न घेता सात नंबर विभागातल्या, पुढे बंद असलेल्या चढणीच्या बोगद्यात शिरला. स्वतःचा निष्काळजीपणा.’ खाली तीन सह्या होत्या. एक कोळसा खाणीच्या मॅनेजरची, एक सुरक्षा अधिकाऱ्याची आणि एक मुकादमाची, ज्याला काल सकाळी प्रेत सापडलं होतं.

निरीक्षकबाईंनी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. त्या अजून गाडीतून नीट उतरल्याही नव्हत्या, तेवढ्यात मॅनेजर पुढे आला.

“मॅडम, दुपारी दोनच्या पाळीला सात नंबर सुरू करतोय. तुमची सही तेवढी हवी. साठ माणसं किती वेळ बसवून ठेवायची?”

“एकोणसाठ,” बाई म्हणाल्या. “एक काल गेला.”

मॅनेजरने मान खाली घातली, पण घड्याळात बघायला तेवढं निमित्त झालं.

खाण सुरक्षा खात्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. गुडघे आता जिना म्हटलं की कुरकुरत. या खाणीवर त्यांनी तीन वर्षांत चार अहवाल लिहिले होते. पहिल्यातच त्यांनी लिहिलं होतं, की कोळसा फोडायच्या आधी थरात भोकं पाडा आणि आतला गॅस पंपाने वर ओढून घ्या. खाली माणसं सुरक्षित राहतील, आणि जो गॅस आज पंख्याने नुसता हवेत सोडला जातो, आणि आभाळ तापवण्यात कोळशाच्या धुराच्याही कितीतरी पुढे असतो, तो जाळून कोळसा धुण्याच्या कारखान्याला वीज मिळेल. खर्च मंजूर झाला, पंप आला. फाटकाजवळ निळ्या ताडपत्रीखाली तो आजही उभा होता. ताडपत्रीला गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.

बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दात आवळले. चार अहवाल, चार वेळा ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर. आणि आता एक माणूस.

“आधी लॅम्परूम,” त्या म्हणाल्या.

२

खाली उतरणारा प्रत्येक जण लॅम्परूमच्या खिडकीतून दिवा घेतो आणि वर आल्यावर परत करतो. मीटरचंही तसंच. खिडकीमागे बारा वर्षं एकच बाई बसत होती. सगळे तिला मावशी म्हणत. रडून तिचे डोळे सुजले होते.

“नाक्या मीटरशिवाय खाली गेला म्हणतात?” मावशी म्हणाली. “ताई, तो माणूस आंघोळीला जाताना मीटर नेईल असा होता.”

मेलेल्या तपासनीसाला सगळे नाक्या म्हणत. खाणीतल्या या हलक्या, उंचावर साठणाऱ्या गॅसला वास नसतो, तरी तो म्हणे नाकाने ओळखतो, अशी थट्टा चालायची. एकोणीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं.

मावशीने वही पुढे सरकवली. काल सकाळी सहा वाजून पाच मिनिटं, मीटर नंबर बावीस, पुढे नाक्याची सही. परतीचा रकाना कोरा होता.

“मग बावीस नंबर कुठे आहे?”

“हा काय. चार्जिंगला.”

बाई मीटरकडे बघत राहिल्या. ज्याने नेला तो वर आलाच नाही, आणि मीटर मात्र आपल्या जागी, हिरवा दिवा लावून बसलेला.

“कोणी आणून ठेवला?”

“ते कसं सांगू? काल दोन वाजेपर्यंत खिडकीशी नुसता कालवा. दिव्यांचा, मीटरचा ढीग पडला होता. मी रडत होते. नंतर एकेक उचलून जागेवर लावलं.”

बाईंनी मीटर हातात घेतला. तळहाताएवढी डबी, तिला गळ्यात अडकवायचा जाड पट्टा. पट्टा तुटलेला होता. तुटलेला नव्हे, कापलेला. कड अगदी सरळ होती.

“हा असा कधीपासून?”

मावशीने पट्टा चाचपला. “परवा तर मीच शिवून दिला. ही बघा माझी काळ्या दोऱ्याची शिवण, ती धड आहे. कापलंय ते शेजारी.”

“मीटर गळ्यातून काढताना डोक्यावरून काढतात. पट्टा कापायची वेळ कधी येते, मावशी?”

“माणूस आडवा पडलेला असला, डोक्यावर हेल्मेट असलं, की...” मावशी बोलता बोलता थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

मीटर नाक्याच्या गळ्यात होता. अहवालाची शेवटची ओळ खोटी होती.

३

मुकादम कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकटा बसला होता. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली होती. नाक्याची बायको त्याची सख्खी बहीण. काल त्यानेच नळकांड्यातली हवा तोंडाला लावून मेहुण्याला ओढून बाहेर काढलं होतं, आणि संध्याकाळी बहिणीच्या दारात जाऊन सांगितलंही त्यानेच होतं.

“मीच पाठवलं त्याला,” तो म्हणाला. “सकाळपासून पोरांची डोकी जड होती. म्हटलं, भाऊजी, चढणीत एकदा बघून या. तासाभराने परत आला नाही म्हणून गेलो.”

“किती वाजता?”

“दहा वाजून दहा मिनिटं.”

“मीटर होता त्यांच्या गळ्यात?”

मुकादमाने पेला उचलला, परत ठेवला.

“कागदावर लिहिलंय की.”

“कागद मी वाचलाय. मी तुम्हाला विचारतेय.”

“सही माझीच आहे, मॅडम.”

“सही कोणाची ते नाही विचारलं.”

त्याने मान खाली घातली. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी होती, तिच्या खिळ्याला कोणीतरी पिशवी टांगली होती. बाईंना वाटलं, पाटी काढून मॅनेजरच्या टेबलावर आपटावी. त्या उठल्या.

“मॅडम.” मुकादम मान वर न करता म्हणाला. “चढणीत शिरायच्या आधी त्याने वर फोन केला होता. कंट्रोल रूमला. एवढं विचारा.”

४

कंट्रोल रूम म्हणजे वरच्या मजल्यावरची एक थंडगार खोली. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर खाणीच्या सातही विभागांतल्या सेन्सरचे आकडे. सेन्सर म्हणजे छताला कायमचा टांगलेला मीटर. तो दर मिनिटाला आकडा वर पाठवतो. सव्वा टक्क्याच्या वर गॅस गेला तर त्या विभागाची वीज आपोआप बंद पडते.

स्क्रीनसमोर मीटर आणि सेन्सर सांभाळणारा मेकॅनिक बसला होता. तिशीचा, काटकुळा, घाबरलेला.

“हो, फोन आला होता. नऊ पस्तीसला,” तो म्हणाला. “नाक्याभाऊ म्हणाले, माझा मीटर तीन टक्के दाखवतोय, तुझा सेन्सर काय म्हणतो? मी बघितलं. शून्य पॉइंट चार. तसंच सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, दोघांतला एक खोटं बोलतोय. त्यांचा मीटर महिन्यात दोनदा उगाचच कोकलला होता, मीच दुरुस्त केला होता. म्हणाले, माझाच बिघडलेला दिसतोय, वर चढून सेन्सरजवळ धरून बघतो.” त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. “मॅडम, मी फक्त आकडा सांगितला. स्क्रीनवर होता तो.”

बाई खुर्चीवर टेकल्या. एकोणीस वर्षांचा अनुभवी माणूस गॅसमध्ये का शिरला, याचं उत्तर मिळालं होतं. त्याच्या मीटरने त्याला थांबवलं होतं आणि स्क्रीनने पुढे ढकललं होतं. तो गॅसनेच मेला म्हणजे मीटर खरा होता, मग सेन्सर खोटा असला पाहिजे.

“सात नंबरचा आलेख दाखव. गेल्या आठवड्याचा.”

रेघ उमटली. शून्य पॉइंट तीन, चार, पुन्हा तीन. मंगळवारी सव्वाअकराला मात्र ती एकदम वर उसळून खाली आली होती.

“हे काय?”

“सेन्सरची चाचणी. बाटलीतला टक्काभर गॅस सेन्सरवर सोडायचा आणि बरोबर दाखवतो का ते बघायचं. तीन मिनिटं.” मेकॅनिकने वही उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. “पण मंगळवारी मी चार नंबरची चाचणी केली होती. सातची नाही.”

“चार नंबरची रेघ वर टाक.”

त्याने टाकली. बाईंना वाटलं, दुसरी रेघ आलीच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, ती पहिलीच्या नेमकी वर बसली होती. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार सारखा. चार आणि सात नंबरमध्ये चालत चाळीस मिनिटांचं अंतर. दोन ठिकाणचा वारा इतका एकसारखा कधी नसतो.

“सातच्या सेन्सरची तार कापून चारची तार दोन्हीकडे जोडलीय,” बाई म्हणाल्या. “इथे सात नंबर म्हणून तू चार नंबर बघत होतास.”

मेकॅनिकने खुर्ची मागे सरकवली. तारांचं काम त्याचं होतं.

“मागे जा. महिन्यामहिन्याने.”

सात महिने मागे रेघ एकच होती. आठव्या महिन्यात एका गुरुवारी तिच्या दोन झाल्या. त्याआधी सात नंबरची रेघ तुटक, वेडीवाकडी. सेन्सर तेव्हा बिघडलेला होता, हे बाईंना वेगळं सांगायला नको होतं. तो बिघाड त्यांनीच आपल्या चौथ्या अहवालात लिहिला होता.

“तू इथे कधी लागलास?”

“पाच महिने झाले, मॅडम.”

“मग घाबरू नकोस. हे तुझ्या आधीचं आहे.” त्यांनी बावीस नंबर त्याच्यापुढे ठेवला. “यात सगळे आकडे साठतात ना? वर्कशॉपमध्ये नेऊन जोड आणि काल सकाळचे काढ. लगेच.”

५

बाई पुन्हा लॅम्परूमच्या वहीवर वाकल्या. काल सव्वाअकराला प्रेत वर आलं. अकरा चाळीसला मॅनेजर, मेकॅनिक आणि मुकादम पुन्हा खाली गेले, सात नंबरच्या तोंडाशी आडवी फळी ठोकायला. तिघंही वर आले दीड वाजता. गोंधळातही दिव्यांपुढे ज्याची त्याची सही होती.

साडेबारा होत आले होते. मॅनेजरचा शिपाई दुसऱ्यांदा विचारून गेला, सही झाली का. बाईंनी त्याला ‘नाही’ एवढंच सांगितलं आणि सुरक्षा अधिकाऱ्याला गाठायचं ठरवलं. सकाळपासून तो कुठे दिसला नव्हता. दहा वर्षांपूर्वी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. सरळ, कष्टाळू पोरगा, थोडा भिडस्त. कालची बातमीही त्यानेच फोन करून दिली होती.

त्याचा मोबाइल बंद लागला. बाईंनी फोनमध्ये कालचा नंबर शोधला. बारा चौदाला आलेला, खाणीचा लँडलाइन. त्याच्या टेबलावरचाच असणार. त्यांनी तो दाबला.

दोन घंट्या वाजल्या. पलीकडून आवाज आला, “वर्कशॉप.”

आवाज मेकॅनिकचा होता.

बाईंनी मोबाइलवरचा नंबर पुन्हा बघितला आणि आपण कोण ते सांगितलं.

“मॅडम, तुम्ही? बरं झालं, मीच करणार होतो,” मेकॅनिक म्हणाला. “बावीस नंबरची मेमरी कोरी आहे. काल कोणीतरी या बाकावर लावून ती पुसलीय. नोंदीत वेळ आलीय, बारा वाजून वीस मिनिटं.”

“पुसायला पासवर्ड लागतो?”

“लागतो. दोघांकडेच आहे. माझ्याकडे, आणि...” तो थांबला. “मी तर तेव्हा खाली होतो, मॅडम.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना अचानक खूप थकल्यासारखं झालं.

६

सुरक्षा अधिकारी त्याच्या खोलीत दार लोटून बसला होता. बाई आत आल्या तशी तो उभा राहिला. पूर्वी वर्गात राहायचा तसाच.

“बस,” बाई म्हणाल्या. “काल बारा चौदाला तू मला वर्कशॉपमधून फोन केलास. तुझ्या टेबलावर फोन असताना. बारा वीसला त्याच खोलीत नाक्याच्या मीटरची मेमरी पुसली गेली. पासवर्ड असलेला दुसरा माणूस तेव्हा खाली होता. सातची तार चारला जोडली गेली आठ महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तू मला पत्र पाठवलंस, सात नंबरचा सेन्सर दुरुस्त झाला, पूर्तता झाली म्हणून. मी काही चुकतेय का?”

तो मान हलवत राहिला. नाही.

“का रे?”

त्याने कपाटातून एक फोल्डर काढून पुढे ठेवलं. आत अकरा पत्रांच्या प्रती. नवीन सेन्सर द्या, नवीन सेन्सर तातडीने द्या, स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन.

“तुम्ही लिहिलंत, पंधरा दिवसांत सेन्सर बदला नाहीतर विभाग बंद करा. सेन्सर द्यायला वरचं ऑफिस तयार नाही. विभाग बंद करायला मॅनेजर तयार नाहीत. मध्ये मी. आठवडाभरात सेन्सर येतो असं सांगितलं त्यांनी, म्हणून आठवड्यापुरतं जोडलं. मग दुसरा आठवडा आला. मग रोज सकाळी वाटायचं, आज काढू. आणि रोज वाटायचं, आज काढलं तर कालचं काय सांगू?”

“त्या साठ जणांना सांगितलं असतंस.”

“धीर झाला नाही.”

“मीटर कोणी दिला तुला?”

“मुकादमाने. मेहुण्याच्या गळ्यातून कापून आणला होता. म्हणाला, साहेब, हा जपून ठेवा, यात सगळं आहे.” त्याचा आवाज फाटला. “मी घेऊन वर्कशॉपला गेलो. जोडला. आकडे बघितले. तिथूनच तुम्हाला फोन लावला, मॅडम. सगळं सांगायचं म्हणूनच लावला होता. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, मीटर होता का त्याच्याजवळ? आणि माझ्या तोंडातून ‘नाही’ गेलं. एकदा गेलं ते गेलं. मग सहा मिनिटं बसून राहिलो, आणि पुसलं. मीटर लॅम्परूमच्या खिडकीशी ढिगात टाकून दिला.”

“मुकादमाला काय सांगितलंस?”

“सही कर, नाहीतर तूच त्याला पाठवलंस हे कागदावर येईल.”

बाईंनी फोल्डर बंद केलं. या पोराच्या कानफटात मारावी असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी अकरा पत्रं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

“मॅडम, एक विचारू?” तो हळूच म्हणाला. “माझं पूर्ततेचं पत्र आलं तेव्हा तुम्ही बघायला का नाही आलात? मी महिनाभर वाट बघत होतो. वाटायचं, तुम्ही याल, खाली उतराल, पकडाल. मग सुटेन.”

त्या पत्रावर बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘नोंद घेतली’. त्या दिवशी टेबलावर अशी चाळीस पत्रं होती. आणि गुडघे दुखत होते.



७

दोनला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी मॅनेजरच्या टेबलावर हाताने लिहिलेली तीन पानं ठेवली. सात नंबर बंद. नाक्याच्या निष्काळजीपणाची ओळ रद्द. विभागातला गॅस फाटकाजवळच्या पंपाने उपसून तो जाळायची सोय होत नाही आणि प्रत्येक सेन्सरची तार तपासली जात नाही, तोवर एकही माणूस आत जाणार नाही. तारेचं आणि पुसलेल्या मेमरीचं प्रकरण पोलिसांकडे.

मॅनेजरने सावकाश वाचलं. “पोरगा नालायक निघाला. मला काही कल्पना नव्हती. तुम्ही यात ज्या पत्रांबद्दल लिहिलंय, त्यातलं एकही माझ्या फाईलला नाही.”

“तुमच्या फाईलला नसेल. त्याच्या प्रतींवर तुमच्या कारकुनाची पोचसही आहे, अकराही वेळा. फाईल कुठे गेली ते पोलिसांना सांगा.”

मॅनेजरचा आवाज उतरला. “मॅडम, तुम्ही स्वतःही ती पूर्तता मान्य केली होती. यात तुमचंही नाव येईल.”

“आलंय,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या पानावर. वाचायचं राहिलं तुमचं.”

तो खिडकीकडे गेला. खाली दोनच्या पाळीची माणसं फाटकाशी गोळा झाली होती. “वरून आदेश आणायला मला पंधरा दिवस लागतील,” तो पाठमोरा म्हणाला. “तुमच्या या कागदावर दुसरा कागद येईल. तुम्हालाही माहीत आहे.”

माहीत होतं. म्हणून बाईंनी खाली येऊन त्या सगळ्या माणसांना एका जागी उभं केलं, आणि दोन रेघा एक कशा झाल्या ते सोप्या शब्दांत सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. एक वयस्कर खोदकाम्या एवढंच म्हणाला, “म्हणजे आठ महिने आम्ही आंधळे होतो.” मुकादम मागे उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, माझा जबाब पुन्हा लिहून घ्या, खरा.

जबाब झाल्यावर दोघं मिळून नाक्याच्या घरी गेले. खाणीच्या चाळीतलं दोन खोल्यांचं घर. नाक्याची बायको उंबऱ्याशी बसली होती. भावाला बघून तिने तोंड फिरवलं. कालपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्या कागदावर त्याची सही होती.

“ताई, तुमचे यजमान मीटर घेऊनच गेले होते,” बाई म्हणाल्या. “त्यांचा मीटर बरोबर होता. त्यांना वरून खोटा आकडा सांगितला गेला. चूक त्यांची नव्हती.”

बाई मग खालीच बसल्या, गुडघे दुमडून, आणि तार, सेन्सर, पुसलेला मीटर, सगळं पहिल्यापासून सांगितलं. भावाने सही का केली तेही. बायकोने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती भावाला म्हणाली, “आत ये. काल सकाळपासून काही खाल्लं नसशील.”

तो आत गेला. ती बाईंकडे वळली.

“किती दिवस बंद ठेवणार ते?”

“गॅस उपसेपर्यंत.”

“आणि त्यांनी नुसतं कागदावर लिहिलं, उपसला म्हणून?”

बाईंना उठताना दाराची चौकट धरावी लागली.

“तर मी कागद वाचणार नाही,” त्या म्हणाल्या. “खाली उतरून बघेन.”

बायकोने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. विश्वास ठेवावा की नाही हे तिचं ठरत नव्हतं, आणि बाईंनीही तिला घाई केली नाही.